खिडकीआधीची भिंत

पुण्यात जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडक्या बसवणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. तक्रार ठरलेली असते: नवी खिडकी गळते. काच महागाची, सेक्शन नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटीचा कागद कपाटात जपून ठेवलेला, आणि तरी खिडकीखाली ओलीचा डाग. फॅब्रिकेटर येतो, सरकत्या काचा पुढेमागे करून दाखवतो, रबर चाचपतो आणि सांगतो की खिडकी ठीक आहे, पाणी भिंतीतून येतंय, गवंड्याला बोलवा. गवंडी येतो, गिलाव्यावर बोटानं टकटक करून बघतो आणि सांगतो की भिंत ठणठणीत आहे, पाणी खिडकीच्या कडेनं येतंय, फॅब्रिकेटरला बोलवा. दोघंही खोटं बोलत नसतात. पाणी येतं ते खिडकी आणि भिंत यांच्या मधल्या अर्ध्या इंचातून, आणि तो अर्धा इंच दोघांच्याही कामात धरलेला नसतो.

घराचं नूतनीकरण काढलं की माणसं खिडकी निवडायला दुकानोदुकानी फिरतात. रंग, काचेची जाडी, मच्छरजाळी, हँडल, सगळं हाताळून पाहतात. ती खिडकी ज्या पोकळीत बसायची आहे तिच्याकडे मात्र कोणी वळून बघत नाही. खिडकीचा भाव चौरस फुटावर ठरतो. भिंत फोडून, सावरून, काटकोनात आणून देण्याचं काम ‘किरकोळ गवंडीकाम’ या एका ओळीत उक्तं दिलं जातं, तेही बहुतेक वेळा शेवटी, घाईत. खिडकी पुढची वीस-पंचवीस वर्षं कशी वागणार हे मात्र या एका ओळीतल्या कामावर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कसं, हे कळावं म्हणून हा लेख.

*

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्यांच्या पुनर्वसनातून सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळातल्या बैठ्या घरांची आणि छोट्या बंगल्यांची रचना साधी असे. नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यांच्यावर थेट टेकलेला स्लॅब. कॉलम नाही, बीम क्वचित. भिंत हाच खांब. खिडक्या एक तर सागवानी चौकटीच्या, उभ्या गजांच्या, नाही तर लोखंडी सेक्शनच्या, लहान लहान तावदानांच्या. आता या घरांत तिसरी पिढी राहते आहे. तिला उजेड हवा, रस्त्याचा आवाज नको, आणि चार फुटांच्या जागी सहा फुटांची खिडकी हवी.

सहकारनगरातल्या अशाच एका घराचं काम मी जवळून पाहिलं. घरमालक काका निवृत्त शिक्षक. गवंडी लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत, आणि काकाही मामाच म्हणत. मामांनी पहिला दिवस काहीही न फोडता काढला. ते घराभोवती फिरले, गच्चीवर गेले, स्लॅब कोणत्या भिंतींवर टेकला आहे ते पाहिलं, खिडकीच्या वरच्या गिलाव्यावर हातोडीनं हलके ठोके देऊन कुठे पोकळ वाजतं ते खडूनं आखलं. मग खिडकीच्या एका वरच्या कोपऱ्यातला तळहाताएवढा गिलावा काढून आत काय आहे ते बघितलं.

ही तपासणी टाळली की अपघात होतात. जुन्या घरांत खिडकीवर काँक्रीटचं लिंटेल असेलच असं नाही. कुठे विटांची चपटी कमान असते, कुठे सागवानी फळी असते, तिला वाळवी लागलेली असते, आणि कुठे तर काहीच नसतं. वरच्या विटांचे दोन-तीन थर इतकी वर्षं खिडकीच्या लाकडी चौकटीवरच टेकून बसलेले असतात. अशी चौकट कोणी सरळ पहार लावून उपटली तर मागोमाग विटा खाली येतात. या घरात लिंटेल होतं. दोन्ही बाजूंना भिंतीवर सहा सहा इंच टेकलेलं, चांगल्या अवस्थेतलं. पण ते चार फुटांच्या खिडकीसाठी होतं.

जुनी खिडकी काढायचीही रीत आहे. लोखंडी चौकट भिंतीत होल्डफास्टनं धरलेली असते, लाकडी चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांची टोकं भिंतीत चार-पाच बोटं शिरलेली असतात. चौकट अख्खी ओढायला गेलं की ती जाताना भिंतीचे कोपरे घेऊन जाते. मामांच्या हाताखालच्या मुलानं ग्राइंडरनं चौकटीची चारही अंगं बरोबर मध्ये कापली. मग एकेक तुकडा आतल्या बाजूला वाकवून, हलवून, होल्डफास्ट सैल करून काढला. भिंतीच्या कडेची एकही वीट हलली नाही. त्या मुलाला ही युक्ती कुठे शिकलास असं विचारलं तर त्यानं मामांकडे बोट दाखवलं आणि पुन्हा कामाला लागला.

*

आता मोठं काम: चारचं सहा करणं.

विटांच्या भिंतीत भोक पाडलं की वरचं सगळं वजन त्या भोकावर येत नाही. विटा एकमेकींना धरून कमानीसारखं वजन दोन्ही बाजूंना वळवतात. लिंटेलवर येतो तो साधारण त्रिकोणी तुकडा, ज्याचा पाया म्हणजे भोकाची रुंदी आणि बाजू साठ अंशांच्या. पण हा हिशेब वर पुरेशी भिंत असेल तरच खरा. सहा फुटांच्या भोकावरचा त्रिकोण पाच फुटांहून उंच होतो, आणि आपल्या घरांत लिंटेलपासून स्लॅबपर्यंत जेमतेम अडीच-तीन फूट भिंत असते. म्हणजे त्रिकोण पुरा व्हायच्या आधीच स्लॅब येतो आणि त्याचंही वजन लिंटेलवर बसतं. ‘दोन फुटांनी तर वाढवायची आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हा त्रिकोण एकदा कागदावर काढून बघावा. या घरात काकांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून आकडे काढून घेतले होते. त्याची फी खिडकीच्या एका काचेच्या किमतीत निघते. ती वाचवण्यात शहाणपण नाही.

जुनं लिंटेल काढून नवं घालायचं, आणि मधल्या काळात भिंत खाली येऊ द्यायची नाही, हे कसं जमवतात ते पाहण्यासारखं असतं. खोलीच्या आत, भिंतीपासून दोन फुटांवर, स्लॅबखाली जाड फळी आडवी धरून तिला लोखंडी धिरे दिले. स्लॅबचं ओझं तात्पुरतं त्यांनी घेतलं. मग मामांनी बाहेरच्या बाजूनं, नव्या लिंटेलच्या पातळीवर, भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच कापली. अर्ध्याच जाडीत, कारण आतली अर्धी भिंत तेव्हा वरचं वजन धरून असते. त्या खाचेत लोखंडी सी-चॅनेल सरकवलं, दोन्ही टोकांना नऊ नऊ इंच भिंतीत टेकवलं, आणि चॅनेल व वरच्या विटा यांच्यामधल्या फटीत सुका माल ठासला.

हा सुका माल मी मुद्दाम हातात घेऊन पाहिला. सिमेंट आणि वाळू, पाणी इतकंच की मूठ वळली तर गोळा राहावा, पण हाताला ओल लागू नये. तो थापीनं लावायचा नसतो. लाकडी ठोकळा धरून हातोडीनं आत ठोकायचा असतो, आवाज बद्द व्हायचा थांबून टणक येईपर्यंत. ओला माल भरला तर तो वाळताना आकसतो, वर सूत-दोन सूत पोकळी राहते, आणि धिरे काढले की वरची भिंत तेवढी खाली बसते. मग आठवडाभरात खिडकीच्या कोपऱ्यापासून वर, पायरीपायरीनं, दर्जांतून तडा चढतो. मामांच्या मते सगळ्या कामात पैसे याच ठोकण्याचे असतात, बाकी सगळं हमाली.

दोन दिवस गेल्यावर आतल्या बाजूनं तसंच दुसरं चॅनेल बसवलं, दोन्ही चॅनेल भिंतीतून आरपार बोल्टनं एकमेकांना आवळली, मधला भाग काँक्रीटनं भरला. तेही नीट पाणी मारून मुरवलं, आणि मगच खालच्या विटांना हात लावला. विटा काढल्या त्या वरून खाली, ग्राइंडरची रेघ मारून, छिन्नीनं. घण कुठेही वापरला नाही. घणानं काम लवकर होतं, पण त्याचा हादरा सगळ्या भिंतीत जातो आणि साठ वर्षांच्या दर्जा सैल करून ठेवतो.

काँक्रीटचं लिंटेल जागेवर ओतायचं ठरलं तर आणखी धीर लागतो. भारतीय मानकानुसार सहा मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या बीमचे टेके साध्या सिमेंटला 14 दिवस काढायचे नसतात. ठेकेदाराला ते चौथ्या दिवशीच दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात. इथे घरमालकानं अडून बसावं, मनात संकोच न ठेवता.

*

मामा औशाकडचे आहेत हे मी वर लिहिलं. किल्लारी त्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 ला, गणेशविसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला, तिथे भूकंप झाला. त्याची तीव्रता 6.2 च्या आसपास होती, आणि जवळजवळ दहा हजार माणसं गेली, मुख्यतः घरांनीच मारली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेले, आणि वर मातीनं लादलेली जड माळवदं. थर सुटले, माळवद खाली आलं.

त्या घरांना खिडक्या फारशा नव्हत्याच, तरी खिडकीच्या कामाशी किल्लारीचा संबंध आहे. त्या भूकंपानंतरच्या दुरुस्त्यांत आणि नव्या बांधकामांत ज्या गोष्टीवर भर दिला गेला ती म्हणजे लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा. भिंत हलते तेव्हा ती प्रथम भोकांच्या कोपऱ्यांत फाटते, आणि हा पट्टा फाटायला आलेल्या भिंतींना एकत्र धरतो. ज्या घरात असा पट्टा आहे तिथे उंच खिडकी हवी म्हणून तो कापणं म्हणजे घराचा कमरपट्टाच तोडणं. मराठवाड्यात नव्यानं पैसा आलेल्या घरांत हे होताना दिसतं. मला त्याची फार काळजी वाटते.

विटांच्या भारवाहक भिंतीत किती भोकं असावीत याला नियम आहे. आय. एस. 4326 हे भूकंपरोधक बांधकामाचं मानक सांगतं की एका भिंतीतल्या सगळ्या दारं-खिडक्यांची मिळून लांबी, जोखमीनुसार, बैठ्या घरात भिंतीच्या 50 ते 60 टक्क्यांवर जाऊ नये, आणि वर एक मजला असेल तर 42 ते 50 टक्क्यांवर. दोन खिडक्यांच्या मधे भिंतीचा तुकडा किमान किती रुंद हवा, खिडकी कोपऱ्याच्या किती जवळ यावी, हेही त्यात आहे. कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी काच असलेली खिडकी हल्ली चित्रांत फार सुंदर दिसते. ती कॉलम-बीमच्या इमारतीत, तशी आखणी केलेली असेल तर शक्य आहे. भारवाहक भिंतींच्या घरात कोपरा म्हणजे दोन भिंतींची गाठ, ती सोडायची नाही.

फ्लॅटवाल्यांना वाटतं आपल्याकडे कॉलम आहेत, भिंती नुसत्या भरावाच्या, तेव्हा फोडायला हरकत नाही. जुन्या इमारतींत हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळशा उंच इमारती मिवान पद्धतीनं, ॲल्युमिनियमच्या साच्यांत, भिंतींसकट काँक्रीटमध्ये ओतलेल्या आहेत. तिथे भिंत हीच रचना. तिच्यात एसीच्या पाइपाचं भोकसुद्धा विचारल्याशिवाय पाडायचं नसतं, मग खिडकी वाढवण्याची गोष्ट दूरच राहिली. कायद्याचंही थोडं सांगायला हवं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 प्रमाणे आतल्या दुरुस्त्यांना आणि बाह्यरूपात फारसा फरक न करणाऱ्या कामांना परवानगी लागत नाही. खिडकी आहे त्याच मापात बदलणं त्यात बसतं. भोक वाढवलं, बाहेरच्या भिंतीत नवं पाडलं, की तो प्रश्न वेगळा होतो, आणि सोसायटीत तर लेखी संमती आधी घ्यावीच लागते.

*

छज्ज्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खिडकीच्या कामात सर्वांत कमी समजलेली गोष्ट तीच आहे. छज्जा लिंटेलमधून बाहेर आलेला असतो, खाली आधार नसतो. तो उलटून पडत नाही कारण लिंटेलच्या डोक्यावर भिंतीचं वजन बसलेलं असतं. ते वजन काढलं, म्हणजे खिडकीच्या वर झरोका पाडला किंवा वरच्या विटा काढल्या, की छज्जा लिंटेलसकट बाहेर पलटू शकतो. शिवाय छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते, कारण ताण तिथे येतो. ओतकामाच्या वेळी मजूर सळयांवर पाय देऊन चालतात, सळई खाली दबते आणि छज्जा नुसता दिसायला छज्जा राहतो. जुन्या छज्ज्याच्या खालून काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले, लाल गंजाचे डाग पडलेले दिसले तर समजावं की आत सळई गंजून फुगली आहे. अशा छज्ज्याखाली नवी खिडकी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी छज्जा.

छज्ज्याचा वरचा पृष्ठभाग बाहेर उतरता हवा, भिंतीशी सांध्यात सिमेंटचा गोलसर वाटा हवा, आणि खालच्या कडेला बोटभर आत एक आडवी खाच हवी. ही खाच नसेल तर छज्ज्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या पृष्ठभागाला चिकटून सरळ खिडकीकडे चालत येतं. खाच असेल तर तिथे थेंब तुटतो आणि खाली पडतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या या खाचेवर कितीतरी घरांच्या भिंती कोरड्या आहेत.

*

भोक तयार झालं. आता माप.

इथे मी मामांची आणि फॅब्रिकेटरची पहिली झटापट पाहिली. फॅब्रिकेटर आधीच येऊन, कच्च्या भोकाचं माप घेऊन, खिडकी कारखान्यात टाकतो म्हणत होता. आठ दिवस वाचले असते. मामांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की भोक आधी पूर्ण होऊ दे, ग्रॅनाइट बसू दे, मग टेप लाव.

आपल्याकडे खिडकीच्या चारही बाजूंना ग्रॅनाइटची किंवा कडाप्प्याची चौकट बसवून तिच्यात ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची खिडकी स्क्रूनं बसवायची पद्धत रुळली आहे. पद्धत चांगली आहे. दगड पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही, कड धारदार मिळते. पण ती बसवताना दोन गोष्टी विसरल्या जातात. खालचा दगड समपातळीत बसवतात. तो बाहेरच्या बाजूला सूत-दोन सूत उतरता हवा, भिंतीच्या बाहेर इंचभर डोकावायला हवा, आणि त्याच्याही पोटाला छज्ज्यासारखी खाच हवी. दुसरं म्हणजे दगडाच्या मागे माल पोकळ राहतो. उभे दगड मागून चार-पाच ठिपके मालाचे लावून चिकटवतात; मधल्या पोकळीत पाणी साठतं आणि सावकाश आतल्या गिलाव्यात झिरपतं. मामा दगड बसवल्यावर त्याच्यावर नाण्यानं वाजवत वरून खाली जात. बद्द आवाज आला की दगड परत काढायचा.

मग माप. रुंदी वर, मधे आणि खाली. उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे. शेवटी दोन्ही कर्ण. सगळ्यांत लहान आकडा तो खरा. दोन कर्ण सारखे नसतील तर भोक गुण्यात नाही, आणि सरकती खिडकी गुण्यात नसलेल्या भोकात कधीच नीट सरकत नाही. ओळंबा दोन दिशांना लावायचा, एकदा भिंतीच्या पातळीत, एकदा आत-बाहेर. दुसरी दिशा जवळजवळ सगळेच विसरतात. भिंत आत झुकलेली असेल आणि खिडकी तिच्याबरोबर झुकली तर खालच्या ट्रॅकमधलं पाणी भोकांतून बाहेर जायच्याऐवजी खोलीत येतं.

आणि फट मुद्दाम ठेवायची. ‘टाइट बसली पाहिजे’ असं घरमालक म्हणतात, फॅब्रिकेटरलाही वरून हातोडी मारून बसवलेली खिडकी पक्की वाटते. पण यूपीव्हीसी तापल्यावर वाढतं. दीड मीटर लांबीचा सेक्शन तीस अंशांच्या फरकानं साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे एक सूत, वाढतो. ॲल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. पश्चिमेच्या भिंतीवर, एप्रिलच्या दुपारी, हा फरक सहज पडतो. चारही बाजूंना दोन-तीन सूत जागा नसेल तर सेक्शन मधोमध फुगतो आणि झडप अडकते. ही फट आतून फोमनं किंवा बॅकर रॉडनं भरायची आणि बाहेरून सिलिकॉननं बंद करायची. सिलिकॉन धुळीवर चिकटत नाही. कडा ब्रशनं झाडून, ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळवून मग लावायचं. पांढऱ्या सिमेंटनं फट लिंपणारे अजून पुष्कळ आहेत. ते पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं.

हाच तो अर्धा इंच. काकांनी दोघांच्याही कागदावर एक ओळ लिहून घेतली होती: दगडाची चौकट गुण्यात आणि ओळंब्यात देणं गवंड्याकडे, दगड आणि खिडकी यांच्यामधली फट भरणं फॅब्रिकेटरकडे, आणि पाणी मारून बघेपर्यंत दोघांचेही शेवटचे पैसे बाकी. अशी ओळ मी दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिली नाही.

*

कोकणात हे सगळं जास्त कडक होतं. पुण्याचा पाऊस वरून पडतो, रत्नागिरी-मालवणचा पाऊस नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो. जुन्या कोकणी घरांत जांभ्याच्या जाड भिंती, लहान खिडक्या, आणि कौलारू छप्पर भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट आलेलं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधत. झड भिंतीपर्यंत पोचूच नये अशी सगळी व्यवस्था. गोव्यात काच दुर्मीळ होती तेव्हा खिडक्यांत शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवत. त्यांतून दूधट उजेड येई. पणजीच्या फोंतायन्यासमध्ये अजून काही दिसतात.

आता कौलं जाऊन स्लॅब आला, पुढे आलेलं छप्पर गेलं, भिंत उघडी पडली आणि तिच्यात मुंबईसारखी मोठी सरकती खिडकी आली. जांभा पाणी पितो. नव्या खिडकीसाठी चिरे कापले की कापलेल्या ताज्या पृष्ठभागाची छिद्रं उघडी होतात. तिथे आधी सिमेंटचा पातळ हात देऊन, जलरोधक लेप लावून, मग दगड किंवा चौकट बसवावी लागते. थेट चिऱ्यावर चौकट ठेवून सिलिकॉन ओढलं तर खिडकी कोरडी राहते आणि तिच्या शेजारचा चिरा ओला होतो. सावंतवाडीकडचे काही गवंडी खिडकीच्या वर पुन्हा कौलांची छोटी पडवी काढून देतात. मला वाटतं सगळ्यात शहाणा उपाय तोच आहे.

वाऱ्याचाही हिशेब आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार दमट उष्ण हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश हवं. दहा बाय बाराच्या खोलीला 20 चौरस फूट. जुन्या दोन झडपांच्या चार बाय चारच्या खिडकीत सगळे 16 चौरस फूट उघडत. त्याच भोकात दगडाची चौकट आणि तिच्यामागचा माल चारही बाजूंनी दीड दीड इंच खातात. उरतं पंचेचाळीस बाय पंचेचाळीस इंच, म्हणजे 14 चौरस फुटांच्या आसपास. सरकती खिडकी त्यातलं निम्मंच उघडते. सोळाचे सात झाले. नवी खिडकी लावल्यावर खोली कोंदट वाटते ती यामुळे, आणि मग एसी येतो. भोकाचं माप ठरवतानाच हे मांडून बघितलं तर बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी निवडता येते.

*

या कामात सगळ्यांत जास्त किंमत मोजतो तो ग्राइंडर धरणारा. वीट, काँक्रीट, ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि सिलिकोसिसवर बरा करणारा उपचार नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. पाण्याची धार सोडत कापणं आणि चांगला मास्क, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. पाणी सोडलं की चिखल होतो, घरमालकांना नको असतो. त्यांनी तो चिखल सहन करावा, असं मी अगदी आग्रहानं सांगेन. जुन्या खिडक्यांचा रंग घासतानाही हीच काळजी: रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 चे, त्याआधीचे थर कशाचे आहेत सांगता येत नाही. लहान मुलं असतील तर तो रंग घरात कोरडा घासू नये. राडारोडा पोत्यांत भरून महापालिकेनं नेमलेल्या जागी जावा. नाल्याच्या काठी टाकलेली पोती त्याच पावसाळ्यात परत रस्त्यावर येतात.

सहकारनगरातल्या त्या खिडकीची पाण्याची परीक्षा मेच्या अखेरीला झाली. बागेचा पाइप घेऊन आधी खालच्या दगडावर पाणी मारलं, मग दोन्ही बाजूंवर, मग खिडकीच्या वर, आणि शेवटी छज्ज्यावर. खालून वर जायचं कारण असं की आत ओल दिसली तर ती कोणत्या टप्प्याला दिसली यावरून वाट सापडते. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं. आत फॅब्रिकेटर टॉर्च घेऊन उकिडवा बसला होता, मामा बाहेर परांचीवर. खालचा दगड कोरडा, बाजू कोरड्या, फट कोरडी. छज्ज्यावर पाणी गेल्यावर उजव्या कोपऱ्यात, खिडकीच्या वर वीतभर, गिलाव्यावर ओलीचा ठिपका उमटला. भिंत आणि छज्जा यांच्या सांध्यातला जुना वाटा तिथे केसभर सुटला होता.

मामांनी परांची तशीच राहू द्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सांधा छिन्नीनं उघडून, धुऊन, नवा वाटा काढला. छज्ज्याचं काम कागदात कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे त्याची मजुरी काकांनी वेगळी दिली आणि उरलेल्या तीन खिडक्यांच्या कागदात ती ओळ वाढवून घेतली.